लाल झाकणाची बाटली

खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या दोन ढिगाऱ्यांवर आम्ही दोघांनी एकाच वर्षी झाडं लावली. माझा ढिगारा अजून टकला आहे, लिपिका बाउरीचा हिरवागार. माझ्या पोटात दुखतं ते तिथूनच. पोरीनं थराथरातले दगड कुटून तपासले, ज्यांच्यात पिवळी चमक दिसली ते पावसात आंबट पाणी सोडणार म्हणून खोल पुरले, वर चांगली माती पसरली. राणीगंजहून साहेब येतात ते तिच्याच ढिगाऱ्यावर फोटो काढतात. आणि दगड तपासायला तिला शिकवलं कोणी? मी, निरापद मंडलनं. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण मला मेल्याला ते पुरायचं सुचलं नाही.

तिच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, जुन्या खाणीत, तळं साचलंय. त्यात गाव मासे सोडणार होतं. पाणी तपासून मी हो म्हटलं की झालं. हंडीवाले बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, घेऊन काठावर बसले होते. पिल्लांना हवा मिळावी म्हणून हंडीतलं पाणी हातानं सारखं थापटत होते. मी पिशवीतून तळ्याच्या पाण्यानं भरलेली बाटली काढली, झाकण उघडून यंत्राची कांडी बुडवली.

पीएच दोन! चांगल्या पाण्याचा सातच्या आसपास असतो. दोन म्हणजे निव्वळ आम्ल. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"थांबा रे! एक मासा सोडू नका. सगळे मरतील!"

लिपिकाचा चेहरा उतरला. "निरापददा, परत एकदा बघता?"

"आता तू मला शिकवणार?"

"नाही दा. तुम्ही दोन म्हणालात म्हणजे दोनच." ती हंडीवाल्यांकडे वळली. "हारूकाका, परत न्या."

"परत?" म्हातारा हारू धीवर खेकसला. "पहाटेपासून हात चालवतोय. घरी नेईस्तोवर जगतील होय ही?"

कुणीतरी माझ्या हातात चहाचा कुल्हड दिला. तो घेताना शेजारी पडलेलं झाकण दिसलं. लाल. पाण्यातलं लोह मोजायचं असतं त्या बाटलीला लाल झाकण, आणि तिच्यात आम्ही आधीच आम्लाचे थेंब घालतो. आदल्या दिवशी मीच घातले होते. पीएच बघायचा तो पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लिपिका मान खाली घालून उभी होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी कौतुकानं बघत नव्हतं. मी चहा प्यायलो. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

मग म्हणालो, "माझंच चुकलं. बाटली दुसरी घेतली."

पांढऱ्या बाटलीत सात पूर्णांक दोन आला. लिपिका हसायलाच लागली. "होतं हो दा कधीकधी. चला काका, सोडा!"

दोन हंड्या तळ्यात रिकाम्या झाल्या. तिसरीतली बोटुकली पोटं वर करून तरंगत होती.

"जरा आधी कळलं असतं तर," हारू म्हणाला. लिपिका मेलेली पिल्लं ओंजळीनं काढू लागली. मला एका शब्दानं बोलली नाही.

गावात आता म्हणतात, लिपिकाचं मन केवढं मोठं. ऐकून अंगाचा तिळपापड होतो. बाटलीची चूक सगळ्यांना ठाऊक आहे. त्या चहाचं कुणालाच ठाऊक नाही.