सहा इंचांचा कोबा

खडूची फुली तिसऱ्यांदा पुसली गेली होती. ती हातात टेप घेऊन गॅरेजमध्ये शिरली तेव्हा नवरा ओणवा होऊन ओल्या फडक्याने कोबा घासत होता. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने घरातली फरशी एकदाही पुसली नव्हती, आणि आज सकाळपासून त्याला स्वच्छतेचा झटका आला होता.

"काय चाललंय?"

"धूळ होती."

"सगळी धूळ माझ्या फुलीवरच येऊन बसते का हो?"

त्याने फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं आणि तो कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाला. गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बांधकामावरून सुटून चार वर्षं झाली होती, तरी कुठल्याही भिंतीशेजारून जाताना तिच्यावर एकदा तळहात फिरवून बघायची खोड गेली नव्हती.

तिने खिशातून खडू काढला, पुन्हा मोजमाप घेतलं आणि चौथी फुली मारली. या वेळी चांगली जाड.

भिंतीलगत दोन लांबलचक पेट्या पडल्या होत्या. त्यांत लिफ्टचे दोन खांब होते. ते जमिनीत बोल्टने घट्ट बसवायचे, मग त्यांचे हात गाडीच्या पोटाखाली घालायचे आणि बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर. तिने कोणालाही न विचारता ती मागवली होती. विचारलं असतं तर आली नसती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बावीस वर्षं ती याच गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करत होती. सुरुवातीला लोक गाडी तिच्या ताब्यात देऊन बाहेरच घुटमळत, बाईला जमतंय की नाही ते बघायला. पुढे तेच लोक आपल्या जावयांच्या गाड्या पाठवू लागले. जॅक लावायचा, ठोकळे सरकवायचे, पाठीवर झोपून आत शिरायचं आणि नाकापासून वीतभर अंतरावर काम करायचं. तिची सगळी कमाई, सगळा मान त्या वीतभर जागेतला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडात धरले आणि सांगितलं, जमिनीवर झोपणं-उठणं आता बंद. म्हणजे गॅरेज बंद. तिने त्यांना विचारलं, उभं राहायला हरकत आहे का? ते म्हणाले, नाही. झालं तर मग.

मुलाला हे पटणं शक्यच नव्हतं.

"आई, आता पुरे. आयुष्यभर ग्रीसमध्ये लोळलीस," तो म्हणाला होता. गॅरेजच्या जागी एक छान खोली काढायची, मोठी खिडकी बसवायची, असा त्याचा बेत होता. खिडकीत आईने बसायचं. बसून काय करायचं, ते काही त्याने सांगितलं नाही.

मुलाचं तिने मनावर घेतलं नाही. पोराचा जीव होता तिच्यावर, आणि जीव असला की माणसं असलं काहीतरी बोलतातच. तिला लागलं ते मिस्त्रीचं. दोन महिने तो रोज एक नवं कारण काढत होता. छत बुटकं आहे. तिने मोजून दाखवलं. वीज पुरायची नाही. तिने वायरमन आणून उभा केला. शेजाऱ्यांना आवाज होईल. शेजारी स्वतः येऊन म्हणाले, कधी बसवताय, आमची गाडी पहिली. सगळी कारणं संपली तेव्हा तो म्हणाला, "या वयात कुठे हे नसते उद्योग?" ज्या माणसाने लग्नानंतर स्वतः तिला पान्यांचा पहिला संच आणून दिला, त्याने हे म्हणावं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

लिफ्टवाला दहाच्या सुमाराला आला. पन्नाशीचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्याने पेट्यांना हातही न लावता आधी जमीन पाहिली.

"कोबा किती जाडीचा आहे, काकू?"

"सहा इंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात आपोआप अभिमान आला. दाराशी कोबा संपून अंगणाची पायरी सुरू होत होती, तिथे तिने बुटाची टोच मारली. "ही कड बघा. यांनी स्वतः घातलाय. ट्रक उभा करा."

हे वाक्य तिने बावीस वर्षांत किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नव्हती.

"कड सगळेच दाखवतात, काकू. मी मध्ये भोक पाडून बघतो. पाच इंचांच्या खाली निघाला तर मी बसवणार नाही. दीड टनाची गाडी डोक्यावर राहणार तुमच्या."

"भोकबिक काही पाडायचं नाही," मिस्त्री दारातून म्हणाला. "चांगल्या कोब्याला भोक पाडतात होय? मी सांगतोय ना, सहा."

"बाबा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. बोल्टचा नाही."

"ड्रिल माझ्याकडे द्या," ती म्हणाली.

तिने फुलीवर टोक टेकवलं आणि दोन्ही हातांनी दाबून ड्रिल सुरू केलं. गॅरेज दणाणून गेलं. पांढरट पीठ उडायला लागलं. तिच्या खांद्यांना तो हादरा ओळखीचा होता आणि मनातून ती खूशही होती, कारण एकदाचं काम सुरू झालं होतं. एवढ्यात ड्रिल धपकन आत गेलं. ती पुढे कोलमडलीच असती, लिफ्टवाल्याने दंड धरला. टोक बाहेर काढलं तर त्याला लाल ओली माती चिकटलेली.

लिफ्टवाल्याने तारेचा आकडा करून भोकात सोडला, कोब्याच्या तळाला अडकवला आणि वरच्या कडेशी नखाने धरला. मग तार बाहेर काढून टेपवर ठेवू लागला.

"तीन," मिस्त्री म्हणाला.

तार अजून टेपवर टेकलीही नव्हती. लिफ्टवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं. तीनच होते.

"कडेला सहा आहे," मिस्त्री म्हणाला. "मध्ये तीन."

लिफ्टवाला समजूतदार निघाला. बाहेर जाऊन फोनवर बोलल्यासारखं करत अंगणात उभा राहिला. ती चाकाच्या रिमवर बसली. मिस्त्री उभाच होता, आणि उभ्या उभ्या त्याने सांगितलं. माल पुरेल एवढा आणला होता. त्याच आठवड्यात एका घराच्या जिन्याचं काम अडलं, सिमेंट वेळेवर येईना, आणि शब्द दिलेला होता. मग घरची पोती तिकडे गेली. उरलं त्यात भागवलं. घरचंच तर होतं, पुढे कधीतरी वरून एक थर देऊ असं म्हणाला, आणि ते पुढे कधीतरी राहूनच गेलं. मग तिने लोकांना सहा इंच सांगायला सुरुवात केली. रोज सांगायची. मग कसं बोलणार?

"म्हणजे लोकांच्या जिन्याला पुरा माल," ती म्हणाली, "आणि मी जिथे पाठ टेकवते तिथे तीन इंच."

"जॅकला तीन पुरतात. हिशेब केला होता मी."

"आणि लिफ्टला?"

त्याने मान हलवली. "बोल्ट उपटून आले असते. गाडी तुझ्या अंगावर आली असती. तुला नुसतं नको म्हणून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण तू कधी ऐकलंयस?"

"म्हणून माझं वय काढलंत?"

आयुष्यात एका भिंतीचा ओळंबा चुकू न देणारा माणूस, आणि बायकोला म्हातारी म्हणणं त्याला कोबा फोडून दाखवण्यापेक्षा सोपं वाटलं होतं. तिला भयंकर राग आला. तिच्या वयाला तो हसत नव्हता, तिला निकामी समजत नव्हता, हे कळून जे हायसं वाटलं त्याचा तर आणखीनच राग आला.

संध्याकाळी मुलगा आला, भोक पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "बघ, जमिनीनेच सांगितलं. विषय संपला. लिफ्टवाले परत घेतील, मी बोलतो."

"घेऊ दे की," ती म्हणाली. "त्यांना सांग, घेऊन जायला आले तर दारात मी उभी असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजाऱ्यांकडून घण आणला. पहिला घाव घातला तो उसळून तिच्याच मनगटात परत आला. दुसरा घातला. कोब्याला टवकासुद्धा उडाला नाही. तीन इंच असला तरी घालणारा हात पक्का होता. तिसऱ्या घावाला मिस्त्री दारात आला आणि चौथा त्याला बघवेना.

"अगं, घण असा धरतात का? कोबा मध्ये फुटत नाही. कडेपासून घ्यायचं, तडा द्यायचा, मग पहारीने उचलायचं."

"मग दाखवा."

त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलं होतं. त्याचे दंड आता सैल झाले होते, पण घण डोक्यावर गेला आणि खाली आला तेव्हा कड सरळ रेषेत तडकली. दुपारपर्यंत त्याने चार हात कोबा उखडला. वीस घाव झाले की भिंतीला टेकून धापा टाकायचा, मग पुन्हा उठायचा.

मुलाला बातमी कोणी दिली कोण जाणे. त्याचा फोन आला.

"आई, बाबा घण मारताहेत? त्यांना थांबव. तू तरी सांग ना, या वयात..."

तिच्याही ओठावर तेच आलं होतं. सकाळपासून तीन वेळा आलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो घामाने निथळत, उखडलेल्या तुकड्याची जाडी बोटांनी मोजत उकिडवा बसला होता, आणि दोन महिन्यांत प्रथमच तिची नजर टाळत नव्हता.

"मी कशाला सांगू?" ती फोनवर म्हणाली. "सिमेंटची पोती किती लागतील ते विचारते त्यांना. तू येणार असशील तर जुने कपडे घालून ये."

मुलगा आला. नवेच कपडे घालून, तोंड फुगवून आला, पण आला आणि घमेली वाहिली. मिस्त्रीने माती खणून काढली, तळ धुमसाने ठोकून घट्ट केला, सळ्यांची जाळी बांधली. माल ओतताना तो एका जागी उभा राहिला नाही. ओल्या कोब्यात नऊ ठिकाणी इंचांच्या खुणा केलेली सळई खुपसली आणि दर वेळी सळई तिच्यापुढे धरली.

"वाच."

"आठ."

"मोठ्याने."

"आठ!"

मध्यभागी त्याने दोनदा खुपसली. तिथेही आठच.

लिफ्टवाला आठवड्याने फोन करून विचारू लागला. कोबा मुरायला मिस्त्रीने त्याला अठ्ठावीस दिवस सांगितले आणि सत्ताविसाव्या दिवशी आला तेव्हा अंगणातूनच परत पाठवला. तेवढे दिवस तो सकाळ-संध्याकाळ कोब्यावर पाणी मारत होता आणि त्यावर मांजरालाही फिरकू देत नव्हता.

खांब उभे राहिले. बोल्ट ताणले गेले, एकेक करून, ठरल्या ताणापर्यंत. आवळायचं काम तिने कोणाला दिलं नाही. शेजाऱ्यांची गाडी आत आली. तिने खाली वाकून लिफ्टचे हात गाडीखाली नीट लावले, चार वेळा तपासले, आणि बटणापाशी गेली. वळून बघते तर मिस्त्री दोन खांबांच्या मधोमध, गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा.

"तू उचल," तो म्हणाला. "गाडी वर गेली की मी खाली सरकतो."

"काय?"

"आमच्यात तसंच असतं. स्लॅबखालचे सेंट्रिंगचे टेकू काढताना ज्याने माल घातला त्याने खाली उभं राहायचं. मी सगळ्या स्लॅबखाली उभा राहिलोय."

लिफ्टवाला हात जोडून म्हणाला, "बाबा, असं चालत नाही."

"यांच्यात चालत असेल," ती म्हणाली. "आमच्यात गाडी हलत असताना खाली माणूस नसतो. बाहेर या. नाहीतर मी गाडी परत पाठवते."

तो पाय आपटत बाहेर आला आणि भिंतीशी उभा राहिला. तिने बटण दाबलं. चाकांनी जमीन सोडली. हातभर उचलून तिने थांबवली, गाडीला खांद्याने धक्के दिले, बोल्टांपाशी वाकून पाहिलं. केसाएवढीही चीर नव्हती. मग गाडी छातीशी आली, डोक्याशी आली, डोक्याच्या वर गेली. खांबांतले सुरक्षेचे खटके एकामागून एक पडले आणि तिने गाडी खटक्यांवर टेकवली.

ती काही म्हणायच्या आत मिस्त्री खाली जाऊन पोचला होता. हात पाठीमागे बांधून, अगदी मध्यभागी. वर गाडीकडे त्याने पाहिलंच नाही. दोन पायांमधल्या कोब्याकडे बघत होता.

ती दिवा घेऊन आत शिरली. मान न वाकवता, ताठ. इंजिन, नळ्या, सायलेन्सर, सगळं डोक्यावर, मोकळ्या उजेडात. इतकी वर्षं ज्याच्याखाली दबून काम केलं ते इतकं लांब आणि इतकं नीट दिसत होतं की तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले आणि पाना उचलला.

"सरका," ती म्हणाली. "माझ्या जागेवर उभे आहात."

"अजून थोडा वेळ."

"ऑइल काढायचंय मला."

"काढ की. मी कुठे नको म्हणतोय?"

तो तसूभरही हलला नाही. तिने ऑइलच्या बोल्टला पाना लावला, एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं, एकदा बोल्टकडे, आणि कोपऱ्यातला रिकामा डबा पायाने त्याच्याकडे ढकलला.

"मग निदान हा तरी धरा."

त्याने डबा उचलून दोन्ही हातांनी वर धरला.