करिश्माला कुणी ओरडेना

ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत तीसेक कंपन्यांना करिश्मानं इंटर्नशिपसाठी अर्ज धाडले, तेव्हा कुठे एकीचं उत्तर आलं. कळव्यातली बॅटरीचे चार्जर बनवणारी कंपनी. पोरगी हवेत. पहिल्याच दिवशी गेटवर खुद्द मॅनेजर शहाळं घेऊन उभे, तेव्हा तिच्या सगळं ध्यानात आलं. कंपनी ज्या गाळ्यात होती तो गाळा आनंदाशेठचा, आणि आनंदाशेठ म्हणजे तिचे पप्पा. आजोबांनी जिथं मीठ पिकवलं त्या जागेवर पप्पांनी गाळे बांधलेले. त्यांनी एक फोन केला होता. नुसता एकच, असं नंतर गळ्याला हात लावून सांगत होते.

आता, ही पोरगी काही वशिल्यावर तरणाऱ्यांतली नव्हती बरं का. नऊ वर्षांची असताना काकाच्या हळदीत डीजेचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. सगळे डीजेवाल्याच्या नावानं शंख करत होते आणि ही स्पीकरमागे शिरून, स्क्रू काढून, जळलेला फ्यूज हातात घेऊन बाहेर आली. मग मिक्सर, रिमोट, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, काही सुटलं नाही. तिनं उघडलं की शेठ नवीन आणायचे. पण जुनं का बिघडलं, ते घरात कुणाला सांगता येत नव्हतं. ते कळावं म्हणूनच तर ती इलेक्ट्रॉनिक्सला गेली.

कंपनीत तिच्यासोबत डोंबिवलीची प्राची होती, दुसरी इंटर्न. दोघींचे साहेब एकच, रवींद्र सर. भला माणूस, पण कामात तिखट. प्राचीनं डाग देऊन जोडलेला चार्जरचा सर्किट बोर्ड हातात घेतला की सुरू व्हायचे, "हे सोल्डर आहे की भजी तळलीयेस? काढ सगळं, परत लाव." प्राची डोळे पुसत परत लावायची. तिसऱ्या आठवड्यात ती बंद पडलेला बोर्ड बघून बिघाड कुठे आहे ते सांगायला लागली. करिश्माचा बोर्ड मात्र सर नीट बघायचेसुद्धा नाहीत. "छान, मॅडम. तुम्ही एसीत बसा ना. चहा सांगू?"

दोन महिन्यांनी कॉलेजात नोकरी देणारे येणार होते. ते सर्टिफिकेट बघत नाहीत, समोर बंद पडलेला बोर्ड ठेवतात आणि म्हणतात, चालू कर. करिश्माला त्या नुसत्या कल्पनेनंच घाम फुटायचा. प्राचीचा तिला इतका हेवा वाटायचा की स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी एके दिवशी तिनं मुद्दाम एक कपॅसिटर उलटा लावला. वीज दिली असती तर फटाक्यासारखा फुटला असता. सरांनी बोर्डावरून नजर फिरवली. "फर्स्ट क्लास, मॅडम."

जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर टेक्निशियन जगन गुपचूप तोच कपॅसिटर काढत होता. शेजारी तिचे आधीचे सगळे बोर्ड, असेच दुरुस्त करून, रांगेत मांडलेले. ती तशीच सरांकडे गेली.

"सर, तो उलटा होता ना?"

सरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "मॅडम, पुढच्या महिन्यात गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. ऐंशी माणसं आहेत इथं. मी कसा ओरडू तुम्हाला?"

घरी जाऊन तिनं रडून घेतलं.

"काय झाला बाय? कोन बोल्ला तुला?" शेठ ताडकन उठले.

"कुणी काही बोलत नाही, पप्पा. तेच तर झालंय. प्राचीला ओरडतात, मला ओरडत नाहीत. अशानं मी काय शिकणार?"

शेठना काही उमगेना. पोरीला काहीतरी पाहिजे आणि ते मिळत नाही, एवढंच शेठच्या डोक्यात शिरलं. त्यांनी फोन उचलला. "अहो पप्पा, फोन नको," म्हणेपर्यंत पलीकडून हॅलो आलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी करिश्मानं बोर्ड जीव ओतून केला, तीनदा तपासला. सर आले, बोर्ड उचलला आणि सगळ्यांसमोर आवाज चढवला. "काय हे? लक्ष कुठे असतं? हे असलं काम चालणार नाही इथं."

प्राचीनं दचकून मान वर केली. करिश्माला, खोटं कशाला सांगा, इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. ती पुढे वाकली. "कुठे चुकलं, सर?"

सरांनी बोर्डाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चुकलं असं काही नाही, मॅडम. शेठचा फोन आला होता. एवढं पुरे ना, की अजून थोडं ओरडू?"