सालीतला रंग

आकाराम काका छाटणीच्या काड्या स्वतः जाळतात. सगळ्या बागेच्या नाही. बाकीच्या काड्या बायका गोळा करून बांधावर टाकतात. कुणी चुलीला नेतं, कुणी कुट्टी करून वेलींच्या बुडात घालतं. पण कुंडलच्या त्यांच्या बागेत विहिरीकडच्या ओळीत एक वेल आहे, तिला दुसऱ्या कुणाची कात्री लागत नाही. छाटणी त्यांची, आणि पडलेली प्रत्येक काडी पत्र्यावर ठेवून तिथल्या तिथे पेटवायची, राख गार होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. द्राक्षाची जात चोरायला कुलूप फोडावं लागत नाही. बोटभर काडी खिशात घालायची, तिच्यावरचा एक डोळा, म्हणजे कोंब, दुसऱ्या वेलीच्या खुंटावर बांधायचा. जात गेली.

त्या वेलीची एक फांदी, सगळी बाग हिरवी असताना, गुलाबी घड देते. काकांनी फांदीला आपल्या आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती आणि जातीला आईचंच नाव द्यायचं ठरवलं होतं. आईचं, साळूबाईंचं, त्यावर एकच म्हणणं होतं, "माझं नाव कशाला रं? मला द्राक्षं आंबट लागत्यात."

या फांदीवर मी पीएचडी करते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या लॅबमधून मला कुंडलला धाडलं ते माझ्या गाइड डॉ. क्रांती निकम यांनी. मॅडम मूळच्या कुंडलच्याच, काका त्यांच्या वर्गातले. पहिल्या दिवशी मॅडमनी फोनवर काकांना सांगितलं, "आकाराम, पोरगी माझी हाय. संयोगिता नाव. तिला बघू दे." एवढ्या एका वाक्यावर मला त्या वेलीखाली जाता आलं.

आधी मी फक्त पानं आणि मणी आणायचे. मग मॅडम म्हणाल्या की पानं पुरणार नाहीत, हरितगृहात कलम करून स्वच्छ ऊती मिळवायला हव्यात, काड्या आण. मी काकांपुढे शब्द टाकला तेव्हा ते बराच वेळ कात्रीला तेल देत बसले.

"काडी मी माज्या भावाला दिली न्हाई, पोरी."

"लॅबच्या बाहेर जाणार नाही, काका."

"तू म्हंतीस म्हणून न्हाई. क्रांती हाय म्हणून देतो."

त्यांनी ओल्या गोणपाटात काड्या बांधून दिल्या. मी त्या मांडीवर ठेवून एसटीनं सांगलीला आणल्या आणि मॅडमच्या हातात दिल्या. त्यानंतर हरितगृहाचं काम मॅडमनीच बघितलं. मी डीएनए बघत होते.

जे सापडलं ते सुंदर होतं. हिरवं द्राक्ष हिरवं राहतं, कारण त्याच्या रंगाच्या जनुकात फार पूर्वी एक परका तुकडा घुसून बसला आहे. या फांदीत तो तुकडा निसटला होता आणि जनुक पुन्हा जागं झालं होतं. पण ते फक्त सालीत. मी मण्याची साल वेगळी केली, गर वेगळा केला, दोन्हींची तपासणी केली. सालीत मोकळं जनुक, गरात तेच जुनं बंद जनुक. शंका नको म्हणून पुन्हा केलं, वेगळ्या घडांवर. तेच. एकाच मण्यात दोन वेली होत्या, एक बाहेर, एक आत.

हे सांगायला मी कुंडलला धावले होते. बागेतूनच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर, काका शेजारी.

"म्हंजी वरनं बदललीया, आतनं तीच हाय?" काका म्हणाले. "आमच्या पोरासारखं, ऋषिराजसारखं. पुण्याला जाऊन 'अ‍ॅक्च्युअली, अ‍ॅक्च्युअली' करतंय, पण भाकरी कालवाय बसलं की आतनं कुंडलचंच."

मॅडम खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव, आकाराम. बी तयार होतं ते आतल्या थरातनं. हा रंग बियातनं कधी उतरायचा न्हाई. फक्त काडीतनंच जाणार. काडी सांभाळ."

"सांभाळतोयच की गं," काका म्हणाले.

मला तेव्हा वाटलं होतं, संशोधन असंच असावं. त्या दिवशी साळूबाईंनी मला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मॅडमनी तिसरं प्रकरण या निष्कर्षावर लिहायला सांगितलं आणि आभाराच्या पानावर काकांचं नाव पहिलं घाल म्हणाल्या.

यंदा फेब्रुवारीत काकांचा फोन आला. मी नेहमीसारखी "काका, घड कसे आहेत?" म्हणाले.

"संयोगिता मॅडम, तुमाला एक व्हिडिओ धाडलाय. बघा."

त्यांनी फोन ठेवला. मला ते कधी मॅडम म्हणाले नव्हते.

व्हिडिओ सातारा जिल्ह्यातला होता, वडूजच्या बाजूचा. तिथे विश्वजीत निकमची नर्सरी आहे. विश्वजीत म्हणजे मॅडमचा पुतण्या. लॅबच्या दिवाळी फराळाला येऊन चकल्या संपवणारा. तो एका मांडवाखाली उभा राहून गुलाबी घड हातात घेऊन बोलत होता. आमच्या काकींनी संकरातून तयार केलेला नवा वाण, नोंदणीचा अर्ज दाखल, रोपांचं बुकिंग चालू, येत्या रविवारी शिवार फेरी.

मी तो घड ओळखला. तरी मला खात्री नव्हती, म्हणजे असू नये असं वाटत होतं. गुलाबी द्राक्षं जगात पुष्कळ आहेत. मॅडमनी खरंच एखादा संकर केला असेल, मला सांगितला नसेल. मी रविवारी साताऱ्याची एसटी पकडली, तिथून पुढे वडूजला गेले.

मांडवात गर्दी होती. चाखायला म्हणून ताटांत घड ठेवले होते. फलटणकडचे एक आजोबा मणी चावून, त्यात काही लागतंय का ते जिभेनं चाचपत म्हणाले, "बी तर न्हाई. मग संकर कशाचा केला रं?"

"आजोबा, ते शास्त्र असतंय," विश्वजीत म्हणाला.

"आसंल गड्या. आमच्यात लग्न लावायला नवरा-नवरी दोन्ही लागत्यात."

लोक हसले. विश्वजीतही हसला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो पुढच्या माणसाशी बोलायला लागला. मी एक घड रुमालात गुंडाळला. कुणी अडवलं नाही, ताटातले घड सगळेच नेत होते.

सोमवारी सकाळी, सगळे असताना, मी आमच्याच लॅबमध्ये तपासणी लावली. साल वेगळी, गर वेगळा. संकर असेल तर ते झाड एका बीजातून, एका पेशीतून वाढलेलं. जनुक मोकळं असेल तर सालीत आणि गरात दोन्हीकडे मोकळं दिसायला हवं. मला तेच दिसावं अशी माझी इच्छा होती. दुपारी डीएनएचे पट्टे उमटवणाऱ्या जेलवर प्रकाश टाकला. सालीच्या रकान्यात मोकळ्या जनुकाचा पट्टा होता. गराचा रकाना तिथे रिकामा.

मी त्याचा फोटो छापून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या डबा खात होत्या. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बस. वांगं घे, तुला आवडतं ना."

मी फोटो ठेवला. कशाचा आहे ते सांगावं लागलं नाही. त्यांनी तो बघितला आणि डब्याचं झाकण लावलं.

"कुठला मणी?"

"वडूजचा."

"विश्वजीत जरा उतावीळ आहे. बुकिंग एवढ्यात सुरू करायला नको होतं."

"मॅडम, तो संकर नाही."

"मला माहितीय, संयोगिता. मला जनुकशास्त्र शिकवू नकोस." आवाज चढला नव्हता. "फांदीवरून घेतलेली जात म्हटली की मूळ वेल दाखवावी लागते. संकर म्हटलं की विषय संपतो. आकारामकडे ती वेल किती वर्षं पडून होती! त्यानं काय केलं? पट्टी बांधली. मी ती शेतकऱ्यांपर्यंत नेतेय."

"त्यांना आईचं नाव द्यायचं होतं."

"नावाचं काय एवढं." त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "अर्जात संशोधक म्हणून तुझं नाव घालू आपण. फक्त तिसरं प्रकरण काढ. दोन प्रकरणांवर प्रबंध होतो, मी परीक्षकांशी बोलेन. मार्चमध्ये सही करते, जूनमध्ये तू डॉक्टर. तुझे वडील मिलिटरीतून येऊन तुझ्यासाठी इथे खोली घेऊन राहिलेत, त्यांना सांग."

"आणि नाही काढलं तर?"

"तर मी सही कशावर करू?"

त्यांनी हे इतक्या मायेनं विचारलं की मी उत्तर शोधायला लागले. चार वर्षं त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय होती. मग माझ्या लक्षात आलं की काड्या आण म्हणाल्या तेव्हाच त्यांना त्या कुठे जाणार हे ठाऊक होतं. माझे हात फक्त गोणपाटासारखे वापरले होते.

मी फोटो उचलला आणि थेट कुंडलला गेले.

काका विहिरीकडच्या ओळीत होते. मी सरीत पाय टाकणार तोच म्हणाले, "बांदावरच थांबा."

मी थांबले.

"क्रांतीला मी फोन केल्ता," ते म्हणाले. "तिनं सांगितलं समदं. हरितगृहात तुमी कुंड्यांची सरमिसळ केली. तिच्या संकराच्या रोपांत माजी कलमं घुसडली आन तिला कळू दिलं न्हाई. तीबी फसली म्हंती. रडत हुती बिचारी."

मला वाटत होतं केबिनमध्ये जे व्हायचं ते होऊन गेलं. ते तिथे संपलं नव्हतं. आज डबा पुढे करताना, वांगं घे म्हणताना, हे काकांना सांगून झालेलं होतं.

"काका, हरितगृहात मी नव्हते."

"काडी मी तुमच्या हातात दिली. बाकीच्या मी जाळल्या. मग ऱ्हायलं कोण?"

त्यांचा हिशेब बरोबर होता. माझ्या हातातून गेली हे खरंच होतं.

"क्रांतीच्या नावावर ढकलू नगा. ती माज्या संगं शाळंत हुती."

मी फोटो पुढे केला. त्यांनी घेतला नाही. मग मी तो खाली ठेवला आणि विचारलं, "मी सालीचं आणि गराचं सांगायला आले होते, आठवतं? फोन स्पीकरवर होता. मॅडम तुम्हाला काय म्हणाल्या होत्या?"

"लय कायबाय म्हणाली."

"ऋषिराजच्या नंतर."

काकांनी कात्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काडी सांभाळ म्हणाली."

"त्याच्या आधी?"

विहिरीवरची मोटार चालू होती, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"बियातनं उतरायचा न्हाई म्हणाली," ते हळू म्हणाले. "ह्यो रंग."

"विश्वजीतच्या घडात साल गुलाबी आहे आणि गर जुनाच आहे. हा बघा पट्टा, आणि इथे नाही. असा मणी संकरातून होतच नाही. मी कुंड्यांची सरमिसळ केली असती, तरी मॅडमना एका तपासणीत कळलं असतं. आणि तपासल्याशिवाय त्या अर्ज करत नाहीत."

काका फोटोकडे पाहत नव्हते. ते फांदीला बांधलेल्या पट्टीकडे पाहत होते. ती उन्हानं विटून पांढुरकी झाली होती.

"म्हंजी तिला ठावं हुतं," ते म्हणाले. "मला सांबाळ म्हणतानाबी ठावं हुतं."

साळूबाई घराच्या दारातून ओरडल्या, "आरं, पोरीला उनात का हुबी केलीस? च्या टाकू का?"

"नगं आये. मॅडम कामानं आल्यात."

मॅडम. तो शब्द तसाच राहिला.

मी सांगितलं की अर्जावर हरकत घेता येते. पुण्यातल्या दुसऱ्या लॅबमध्ये या वेलीचा मणी आणि वडूजचा मणी शेजारी शेजारी तपासले, की दोन्हींची साल-गराची जोडी दिसेल. तिसरं प्रकरण मी काढणार नाही, हरकतीला जोडीन, खाली माझी सही असेल. गाइड बदलून मागावा लागेल. मिळेल की नाही माहीत नाही.

"आन तुमचं डॉक्टर व्हायचं?"

"बघू."

"क्रांती करू द्यायची न्हाई." त्यांना त्याचं वाईट वाटत होतं की समाधान, ते कळलं नाही.

मी म्हणाले, "एक घड द्याल का? उद्या घेऊन जाते."

ते वेलीखाली गेले. त्यांनी एक घड कापला, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला. देठाला चिकटून आलेला काडीचा तुकडा मात्र आधी छाटला, पत्र्यावर ठेवला आणि आगकाडी ओढली. तो जळून जाईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो, ते वेलीपाशी, मी बांधावर.

मी खोक्यासाठी हात पुढे केले.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या हातात न्हाई. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुण्याच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली. खोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं, दोन्ही हातांनी. कराडला ते चहा प्यायला उतरले, तेव्हाही खोकं बरोबर घेऊन गेले. मी त्यांच्या जागेवर माझा रुमाल टाकून ठेवला. परत आल्यावर त्यांनी तो उचलून, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि खोकं पुन्हा मांडीवर घेऊन बसले.