पांढरा स्लॅग

"अजून तपकिरीच हाय. टाका आणखी अ‍ॅल्युमिनियम," महिपतीने सांगितलं आणि हातातली स्लॅगची चकती खाली ठेवली.

महाडच्या एमआयडीसीतल्या त्या पोलाद कारखान्यात त्याचा शब्द चालायचा. लॅडलमधल्या, म्हणजे मोठ्या बादलीतल्या, वितळलेल्या पोलादावर चुन्याचा थर तरंगतो, तो स्लॅग. काळा असेपर्यंत तो पोलादातलं गंधक ओढून घेत नाही. अ‍ॅल्युमिनियम टाकत गेलं की उजळतो, आणि पांढरा झाला की पोलाद शुद्ध व्हायला लागतं. उमरठच्या महिपतीचं निम्मं आयुष्य हा रंग ओळखण्यात गेलं होतं.

त्या दिवशी मात्र अ‍ॅल्युमिनियम जास्त झालं. कास्टिंगला, म्हणजे पोलाद साच्यात ओतताना, लॅडलच्या तळाचं नोझल तुंबलं आणि बरंचसं पोलाद परत भट्टीत न्यावं लागलं.

दुपारी लॅबमधली उज्वला खाली आली. नाते गावची ही मुलगी त्याला मामा म्हणायची. तिने तीच चकती कागदावर ठेवली आणि रंग विचारला. कागदाचा आणि चकतीचा रंग एकच, असं तो म्हणाला. मग कागद कुठल्या रंगाचा, असं तिने हळूच विचारलं.

"चहा सांडल्यागत," महिपती म्हणाला.

कागद पांढराशुभ्र होता. तिने तसं सांगितल्यावर तो बाकावर बसला. डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय हे त्याला कधीपासून कळत होतं, पण बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

"भट्टीनं डोळं खाल्लं, बाय. आता कायच उरलं नाय."

"मामा, मोतीबिंदू असेल. माझ्या आईला असंच दिसायचं. काढला की झालं. पण साहेबांना तुम्ही स्वतः सांगा."

तो गेला आणि सांगून आला. साहेब रागावले, त्याला लॅडलवरून काढलं, पण डोळे नीट करून परत ये म्हणाले. त्याची बायको आवडी त्याच्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी मोतीबिंदूच असल्याचं सांगितलं, तेव्हा महिपती हसायलाच लागला. मोतीबिंदू झाला म्हणून हसणारा माणूस आवडीने पहिल्यांदाच पाहिला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि साहेबांनी शब्द पाळला. पहिल्याच दिवशी महिपतीने चकती उजेडात धरली. पांढरी होती. त्याने अ‍ॅल्युमिनियम थांबवलं, पण लॅडल पुढे सोडायच्या आधी लॅबला फोन लावला. असं त्याने पूर्वी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे मामा, सोडा," उज्वला म्हणाली.

ड्यूटी संपली तरी तो कास्टिंगच्या कठड्याशी उभा राहिला. लालभडक बिलेट, पोलादाचे लांब चौकोनी ठोकळे, न अडखळता बाहेर सरकत होते. गाडी चुकेल, असं जाता जाता कुणीतरी बोललं.

"जाऊ दे," महिपती म्हणाला, आणि लॅडल रिकामं होईपर्यंत तिथून हलला नाही.