पोटदुखीला कंटाळून

हवालदार कागदावरून वाचत होता. "मयत संदेश, वय एकतीस, वाशिंदला कारखान्यात कामास. पोटदुखीला कंटाळून जीव दिला. कोणाविरुद्ध तक्रार नाही." मग त्याने पेन माझ्यापुढे धरलं. "बहीण ना तुम्ही? इथं सही करा."

भाऊ जाऊन चौथा दिवस होता. मुरबाडच्या आत आमचं गाव, आणि आमच्या ओटीवर माझा बाप दामू अर्ध्या गावाकडून सांत्वन करून घेत होता. म्हातारपणी काय हा घाव, म्हणे. त्या सगळ्यांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता मला. पंचवीस वर्षांपूर्वी हीच माणसं आमच्या कुडापलीकडे राहायची. आतला आवाज त्यांना ऐकू जायचा. ते ऐकायचे आणि जेवत राहायचे.

संदेशचं पोट खरंच दुखायचं. सहा वर्षांचा असल्यापासून. अंगणात बापाची सायकल वाजली की तो पोट धरून भिंतीला चिकटायचा. बाप त्याला नाटकी म्हणायचा, गोठ्यातल्या खुंट्याला बांधायचा आणि बैलाच्या काठीने मारायचा. आई गेली तेव्हा रडला म्हणूनही मारलं.

मार मीही खाल्ला. पण सोळाव्या वर्षी मला शहापुरात दिली. तिथे सासूने एकदा हात वर केला, तर मी डोकं झाकून खाली बसले. तिला फळीवरचा डबा काढायचा होता. ती बिचारी रडायलाच लागली. मला ती मिळाली. दहा वर्षांचा संदेश बापाच्या घरात एकटाच उरला.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी पोटदुखी गेली नाही. डॉक्टरांना काही सापडायचं नाही. गेल्या सोमवारी त्याने वाशिंदच्या बूथवरून फोन केला. "ताई, पोटात दुखतंय गो." मी कुकर लावत होते. "ओवा खा," म्हटलं आणि फोन ठेवला. बापाचा राग येतो तेवढाच मला माझाही येतो.

"सही कर गिरजे, सायबांना टाइम नाय," बाप म्हणाला. मग सारिकाकडे, संदेशच्या बायकोकडे वळला. "तू कामाला जा वाशिंदला. पोर हितंच राहील. संदेशला वाढवला तशी वाढवीन."

सारिका मान खाली घालून बसली होती. गावकऱ्यांपैकी एकजण तर "बरं होईल पोरीचं" म्हणाला.

"सायेब, लिवा," मी म्हणाले. "पोटदुखी सहाव्या वर्षापासनं, मार खाऊन. कारण, मयताचा बाप."

हवालदार हसला. "बाई, लहानपणचा मार कारण म्हणून लिहिता येत नाही."

"आमाला काय आमच्या बापानी मारलं नाय?" बाप ओरडला. "आमी मेलो का?"

"तुमी नाय मेलात. तुमी आमाला मारलंत."

त्याचा हात काठीकडे गेला, पण हवालदार समोर होता. मग तो घरात बघून गरजला, "मनस्वी! पाणी आन!"

संदेशची सहा वर्षांची मनस्वी दोन्ही हातांत तांब्या धरून आली. "लवकर!" तो खेकसला. तांब्या सुटला, पाणी हवालदाराच्या बुटांवर गेलं. पोरगी मागे सरकली आणि पोट धरून भिंतीला चिकटली.

"काय झालं गो?"

"आत्या, पोटात दुखतंय."

"थांब, ओवा देते," शेजारची बुधीकाकू उठली.

"ओवा नको," मी म्हणाले, आणि पेन हवालदाराला परत दिलं.

मी काही सांगायच्या आत सारिका आत जाऊन पिशवी घेऊन आली. बापाने दारात काठी आडवी धरली.

"मारा," मी म्हणाले. "सायबांच्या समोर मारा. आजचा मार तरी लिवता येल."

हवालदार पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. काठी खाली आली.

आम्ही तिघी जीपने मुरबाडला आलो आणि तिथून शहापूरची एसटी धरली. "अजून दुखतंय?" मी मनस्वीला विचारलं.

"थोडं."

मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि शहापूर येईपर्यंत काढला नाही.