हेदरला कुठं ठेवायचं?

पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटावरच्या निम्म्या लोकांच्या तोंडात हेदर मॅक्रेनं कधी ना कधी हात घातला होता. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलहून ती शाळकरी मुलांचे दात बघायला म्हणून आली आणि इथलीच होऊन गेली. लग्न केलं नाही. मैत्रीण नूरोआच्या घराण्याची जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन तिच्या शेजारीच घर बांधलं. सत्तरी उलटली तेव्हा एका सकाळी ती स्कूटरवरून मृत्युपत्र करायला गेली.

वकील तेआरिकीनं कामं भराभर मार्गी लावली. न्यूझीलंडच्या शेतातला वाटा पुतण्याला. त्या वाट्यापुरतं मृत्युपत्र तिकडच्या कायद्यानं वेगळं. इथलं घर, पट्टा संपेपर्यंत, नूरोआला.

"आणि मावशी, तुमचं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"तुम्हाला कुठं ठेवायचं?"

"जाळून टाका की."

तेआरिकी हसला. "इथं कुठली सोय? विमानानं न्यूझीलंडला धाडावं लागेल. जिवंतपणी जायचा कंटाळा करता, मेल्यावर बऱ्या जाल!"

हेदरही हसली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. इथं घरची माणसं घराच्या अंगणातच पुरतात; परतताना ती प्रत्येक अंगणातल्या थडग्यांकडे बघत आली. त्यांच्या कठड्यावर बसून तिनं किती वेळा चहा प्यायला होता! आपलं थडगं कुणाच्या अंगणात असेल, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं. आता तिला ते जाणून घ्यायचंच होतं.

नूरोआ ओसरीवर तारोचे कंद सोलत होती.

"काय गं, मला तुमच्यात पुराल का?"

नूरोआची सुरी थांबली. "मी एकटी कोण सांगणार? घरात विचारायला हवं. आणि सोलोमोनादादा आहे ना, तो आधी नाहीच म्हणतो."

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे जमले. ऑकलंडची मंडळी फोनवर. सोलोमोना, नूरोआचा थोरला भाऊ, हाताची घडी घालून बसला होता.

"हेदर, तुझ्याबद्दल माझं काही नाही," तो म्हणाला. "पण आज तू झोपशील आणि उद्या तुझा पुतण्या येऊन म्हणेल, माझी आत्या इथं आहे, म्हणजे जमिनीत माझाही हक्क."

"दादा, काय बोलतोस!" नूरोआ म्हणाली.

"बोलू दे त्याला," हेदर म्हणाली. तिला राग आला नव्हता. माणसं अशा गोष्टीकडे कुठून कुठून बघतात, याचंच तिला नवल वाटत होतं. "तसा हक्क नाही, असं मृत्युपत्रात लिहून घेते. तो स्वतःही सही करून देईल. अजून काही?"

"आहे. गवत कोण काढणार? फुलं कोण ठेवणार? नूरोआ तुझ्याहून मोठी आहे, ती आधीच जाणार."

"वा रे भाऊ!" नूरोआ ओरडली. सगळे हसले. सोलोमोना हसला नाही.

"माझी हरकत थडग्याला नाही. ज्याला कुणी नाही असल्या थडग्याला आहे. तसलं आमच्या अंगणात नको."

तेवढ्यात फोनवरून नूरोआची सून म्हणाली, "आम्ही पुढच्या वर्षी कायमचे परत येतोय. सासऱ्यांचं थडगं आवरायचंच आहे, मावशींचंही आवरीन. लांब का आहे ते?"

सोलोमोना उठून म्हणाला, "चल, जागा दाखवतो."

आठवडाभरात पुतण्याचा कागद आला. हेदरनं तेआरिकीसमोर, दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. संध्याकाळी ती एकटीच नीरफणसाच्या मोठ्या झाडाखाली, सोलोमोनानं दाखवलेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. इथून काय काय दिसतं, ते तिला बघायचं होतं. खडकांवर फुटणारं पाणी दिसत होतं. वारा फिरला तसा डुकरांच्या खोपटाचा वास आला.

"दादा, इथं वास येतो!" तिनं कुंपणापलीकडे हाक मारली.

"तुला तेव्हा येणार नाही!" सोलोमोना म्हणाला, आणि डुकरांना नारळ फोडत राहिला.