डोक्यावरचं लाल फूल

चीनमधल्या च्वानचौचं जुनं बंदर, दगडी पूल आणि देवळाचे दोन मनोरे उरकून गाईड ग्योकलानची बस दुपारी श्युनपूला आली. श्युनपू तिचंच गाव. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाईडच्याही डोक्यावर लाल फुलांचं कडं हवं, तसं ते होतं. पर्यटक बायका फुलांच्या दुकानांत घुसल्या. इथल्या म्हाताऱ्या जन्मभर जी फुलं माळून समुद्रात राबल्या, ती आता तासाच्या भाड्याने मिळतात!

आपल्या घराच्या शिंपल्यांच्या भिंतीला टेकून ग्योकलानची मामी कालवं फोडत बसली होती. अंबाड्यात नुसता पांढरा दोरा.

"आजी, इकडे बघा!" कंपनीचा फोटोवाला फेंग ओरडला. "चेहरा एवढा झकास आणि डोकं असं ओकंबोकं?" त्याने एका पर्यटक बाईच्या गजऱ्यातलं लाल फूल उपटलं आणि सरळ मामीच्या अंबाड्यात खोचलं. मामीचे हात चिखलाने भरलेले, ती जागीच थिजली. चार फोन पुढे सरसावले.

ग्योकलानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारून हात लावलास रे? अडीच महिने झाले माझा मामा जाऊन! आमच्यात दुखवट्याचं वर्षभर लाल फूल डोक्याला लागत नाही, नुसता पांढरा दोरा बांधतात. चार वर्षं इथे फोटो काढतोस, एवढंही कळलं नाही?"

"अगं, एक फूल तर आहे."

"आणि किती छान दिसतायत त्या," एक पर्यटक बाई म्हणाली.

"छान दिसायचं नाहीये त्यांना!" ग्योकलानने ते फूल ओढून काढलं आणि गटारात भिरकावलं. "मामी, याला मी आज ऑफिसात उभा-आडवा घेते. लाज म्हणून नाही मेल्याला!"

"जाऊ दे गं," मामी म्हणाली. "परका माणूस तो, त्याला काय माहीत?" मग ती ग्योकलानच्या डोक्याकडे बघत राहिली. "ओहोटीला मामा तुला खांद्यावर बसवून न्यायचा. तू तर आमच्यातलीच ना, ग्योक?"

ग्योकलानचा हात डोक्याकडे गेला. आईबापामागे मामानेच तिला वाढवलं होतं, त्याच्या तिरडीमागे ती लेकीच्या जागी चालली होती. आणि चौदाव्या दिवसापासून हेच लाल कडं मिरवत ती रोज या दारावरून गेली होती. नोकरी म्हणजे नोकरी, मामी समजून घेईल, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. मामीने मात्र इतके दिवस चकार शब्द काढला नव्हता.

तिने कड्याचे काटे ओढायला सुरुवात केली. केसही उपटून येत होते.

"फुलांशिवाय बसमध्ये चढायचं नाही हं," फेंग म्हणाला. "नियम आहे."

"नियमच मोडत होते मी इतके दिवस," ती म्हणाली.

"हळू, ओढू नकोस." मामीने हात धुतले, राहिलेले काटे एकेक करून सोडवले. मग आपल्या अंबाड्यातला पांढरा दोरा काढून दातांनी तोडला आणि अर्धा तिच्या केसांत बांधला.